शपथ मोडणारा सैनिक, शिस्त शिकवणारा उपमंत्री : जनरल जगन्नाथराव भोसले यांची कारकीर्द

(वाशीम येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, ‘सर, हे भोसले कोण?’ मला त्या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. आझाद हिंद सेना म्हटलं की आपल्याला नेताजी आठवतात, फार तर शाहनवाज, सहगल, धिल्लन ही लाल किल्ल्यातली तीन नावं आठवतात. त्या सेनेच्या वरिष्ठ नेतृत्वात एक मराठी माणूस होता, पुढे तो पहिल्या लोकसभेत निवडून गेला आणि नेहरूंच्या सरकारात उपमंत्री झाला, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात एखादी ओळ आली तर आली.

पण आज मी त्यांची आरती ओवाळायला उभा नाही. विस्मृतीत गेलेल्या माणसाला बाहेर काढायचं आणि हार घालून पुन्हा कोनाड्यात ठेवायचं, हे आपण नेहमी करतो. त्याने त्या माणसाचंही भलं होत नाही आणि आपलंही नाही. मला त्यांची कारकीर्द एखाद्या ग्रंथासारखी वाचायची आहे. ग्रंथात काही प्रकरणं उत्तम असतात, काही फसलेली असतात, आणि कधीकधी दोन प्रकरणं एकमेकांशी भांडतात. भोसल्यांच्या आयुष्यातली अशी दोन प्रकरणं आहेत. त्या भांडणात आजच्या मतदाराच्या कामाचं काहीतरी आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी माणूस कोण ते थोडक्यात पाहू.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ सालचा, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचा. डेहराडूनला १९२२ साली लष्करी महाविद्यालय निघालं, प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावाचं. हिंदी मुलांना सँडहर्स्टसाठी तयार करायचं, हा त्याचा हेतू. भोसले तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. तिथून ते इंग्लंडला सँडहर्स्टला गेले आणि अधिकारी होऊन परतले. हे लक्षात घ्या की त्या काळी हिंदी तरुणांसाठी सँडहर्स्टमध्ये सुरुवातीला वर्षाला दहा जागा होत्या. सगळ्या हिंदुस्थानातून दहा! आपल्याकडची डेहराडूनची अकादमी निघाली ती १९३२ साली. म्हणजे भोसले ज्या पिढीतले, ती पिढी अगदी चिमूटभर होती. मराठा पलटणीत त्यांनी नोकरी केली. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते आणि सिंगापूरला होते.

१५ फेब्रुवारी १९४२. सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फरेर पार्कच्या मैदानावर हिंदी युद्धकैद्यांना गोळा करण्यात आलं, संख्या ४० हजारांच्या वर. ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केलं, आणि जपान्यांनी कॅप्टन मोहनसिंग यांच्या. काल ज्यांच्या हुकुमावर मरायचं होतं, त्यांनीच आज तुमचा ताबा दुसऱ्याला देऊन टाकला. सैनिकाच्या मनात त्या दिवशी काय झालं असेल, याचा विचार करा. आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली होती, की हुकूम वरून येतो. आता वरच कोणी नाही.

पहिली आझाद हिंद सेना १९४२ च्या अखेरीस मोडली. मोहनसिंगांना जपान्यांनीच अटक केली. १९४३ मध्ये नवी मांडणी झाली, तेव्हा लष्करी विभागाचे संचालक म्हणून भोसले पुढे आले. जुलैमध्ये सुभाषबाबू सिंगापूरला पोहोचले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. त्या मंत्रिमंडळात सेनेचे जे प्रतिनिधी होते त्यांत भोसल्यांचं नाव आहे. पुढे ते सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले, मेजर जनरल म्हणून ओळखले गेले.

आता या पहिल्या प्रकरणाचं मर्म काय? भोसल्यांनी शपथ मोडली. मी हा शब्द मुद्दाम वापरतो. आपण प्रेमाने म्हणतो की ते देशासाठी लढले, आणि ते खरंच आहे. पण लष्कराच्या भाषेत त्यांनी राजाशी घेतलेली शपथ मोडली, आणि ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. सैनिकाची सगळी नीती त्या एका शपथेवर उभी असते. लाल किल्ल्यातल्या खटल्यात भुलाभाई देसाईंनी जी बाजू मांडली तिचा गाभाही हाच होता, की गुलाम देशाच्या सैनिकाला आपली निष्ठा कुठे आहे हे ठरवण्याचा अधिकार आहे. म्हणजे आझाद हिंद सेनेचा प्रत्येक अधिकारी एका अर्थाने तत्त्वज्ञ होता. नको असताना झालेला तत्त्वज्ञ! ‘मी कोणाचं ऐकावं आणि का ऐकावं’ हा प्रश्न त्याला स्वतःलाच सोडवावा लागला.

इथे एक समांतर आयुष्य ठेवतो, म्हणजे चित्र नीट दिसेल. शंकरराव थोरात, म्हणजे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. जन्म १९०६, कोल्हापूरकडचे, तेही सँडहर्स्टचे. एकाच वर्षी जन्मलेले दोन मराठी अधिकारी, आणि एकाच युद्धात दोघे विरुद्ध बाजूंना. थोरात ब्रिटिश हिंदी सेनेत राहिले, आणि १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी पलटणीचं नेतृत्व केलं. त्यांना डीएसओ हा शौर्याचा मोठा किताब मिळाला. मग यातला देशभक्त कोण आणि गद्दार कोण? ज्याला हा प्रश्न सोपा वाटतो त्याने तो पुन्हा एकदा विचारून पाहावा. माझ्या मते दोघेही प्रामाणिक होते. एकाने संस्था धरून ठेवली, एकाने संस्थेच्या वरचं काहीतरी शोधलं. स्वतंत्र भारताला दोघांचीही गरज पडली, आणि त्याने दोघांना दोन वेगळ्या घरांत जागा दिली.

ती कशी दिली, ते बघण्यासारखं आहे.

१९४७ नंतर आझाद हिंद सेनेच्या लोकांना भारतीय सेनेत परत घेतलं गेलं नाही. नेहरूंनी लाल किल्ल्यात त्यांच्यासाठी वकिलाचा झगा चढवला होता, आणि त्याच नेहरूंच्या सरकारने हे ठरवलं. आपल्याकडे अनेकांना हा कृतघ्नपणा वाटतो. वाटणं स्वाभाविक आहे. पण थोडं थांबून पाहा. ज्या सेनेत आता कोणी कोणत्या बाजूला होतं यावरून फळी पडली असती, ती सेना १९४७ च्या काश्मीर युद्धात काय करणार होती? सेनेने सांगितलं, ज्याने शपथ मोडली, मग ती कितीही थोर कारणासाठी असो, त्याला या घरात जागा नाही.

आणि १९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. काँग्रेसने भोसल्यांना रत्नागिरी उत्तर मतदारसंघातून उभं केलं, आणि ते निवडून आले. तिकडे शाहनवाज खान मेरठ भागातून आले. दोघेही उपमंत्री झाले. भोसल्यांकडे पुनर्वसन खातं आलं. ‘चलो दिल्ली’ म्हणत जी सेना निघाली तिचा सेनाधिकारी दिल्लीत पोहोचला तो मतपेटीतून!

म्हणजे सेना म्हणाली, तू इथे नको. संसद म्हणाली, तू इथे ये. आणि गंमत अशी की दोन्ही संस्था बरोबर होत्या. ज्या गुणासाठी सेनेने दार लावलं, त्याच गुणासाठी संसदेने दार उघडायला हवं होतं. सेनेत आज्ञापालन हा धर्म आहे. संसदेत प्रश्न विचारणं हा धर्म आहे. एका घरातला सद्गुण दुसऱ्या घरात जसाच्या तसा चालत नाही. आज मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

आपल्या राज्यघटनेतच हे लिहिलेलं आहे, फक्त आपण दोन पानं शेजारी ठेवून वाचत नाही. अनुच्छेद ३३ पाहा. सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर, म्हणजे त्यात बोलण्याचा हक्कही आला, मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे. १९५० चा लष्करी कायदा आणि १९५४ चे नियम याच आधारावर सैनिकाला राजकीय सभा, चळवळी यांपासून दूर ठेवतात. आता अनुच्छेद १०५ पाहा. खासदार सभागृहात जे बोलेल त्यासाठी कोणत्याही न्यायालयात त्याच्यावर कारवाई होऊ शकत नाही. देशात सर्वात कमी बोलायची मुभा ज्याला, तो सैनिक. सर्वात जास्त बोलायची मुभा ज्याला, तो खासदार. लष्करी अधिकारी खासदार होतो तेव्हा तो या टोकाकडून त्या टोकाला जातो. नुसता गणवेश उतरवून हा प्रवास होत नाही. आतलं काहीतरी बदलावं लागतं.

माक्स वेबर या जर्मन विचारवंताचं १९१९ सालचं एक प्रसिद्ध व्याख्यान आहे, राजकारण या व्यवसायावरचं. त्यात तो अधिकाऱ्याची प्रतिष्ठा आणि राजकारण्याची प्रतिष्ठा यांत फरक करतो. अधिकाऱ्याची प्रतिष्ठा कशात? वरून आलेला हुकूम स्वतःला पटलेला नसला तरी, आपली हरकत नोंदवून, पटल्यासारखा चोख पार पाडण्यात. राजकारण्याची कशात? आपण जे केलं त्याची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेण्यात. ती त्याला दुसऱ्यावर ढकलता येत नाही. वेबर पुढे असं सुचवतो की उत्तम अधिकारी स्वभावतः वाईट राजकारणी ठरण्याची शक्यता असते. हे वाक्य कडू आहे. पण भोसल्यांना ते लागू पडायला नको होतं. कारण त्यांनी आयुष्यातला सर्वात मोठा निर्णय हुकुमावाचून घेतला होता, आणि त्याची जबाबदारी डोक्यावर घेतली होती. संसदेत यायला सर्वात लायक सैनिक कोण, असं मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ज्याला आज्ञापालनाची सीमा स्वतःच्या अनुभवातून कळली आहे तो.

आता दुसऱ्या प्रकरणाकडे येतो.

पुनर्वसन खात्याचं काम म्हणजे काय, हे आजच्या मुलांना कळणं कठीण आहे. फाळणीने लाखो माणसं उखडली गेली. आपल्याकडे कल्याणजवळची लष्करी छावणी निर्वासितांची वसाहत झाली, तिचं १९४९ साली उल्हासनगर झालं. आपल्या अकोल्यातला सिंधी कॅम्प तुम्हाला माहीत आहे. आज तिथे भरभराटीचा व्यापार आहे. नावातला ‘कॅम्प’ हा शब्द मात्र सगळं सांगतो. छावण्यांत मुलं होती. बाप गेलेला, घर गेलेलं, भाषा दुसरी, शाळा अर्धवट सुटलेली.

दिल्लीत लाजपतनगरला कस्तुरबा निकेतन म्हणून निर्वासित स्त्रिया आणि मुलांची संस्था होती. तिथे जुलै १९५४ मध्ये भोसल्यांनी एक प्रयोग सुरू केला. मुलांना वेळेवर उठवायचं, व्यायाम, कवायत, समूहगीतं, स्वच्छता, देशातल्या थोरांच्या गोष्टी. शिक्षक खास तयार केलेले, बरेचसे लष्करी वळणाचे. याचंच पुढे नाव झालं राष्ट्रीय शिस्त योजना.

मी या सुरुवातीची टिंगल करणार नाही. उलट, मला तिच्यात माया दिसते. ज्या मुलाच्या आयुष्यातली सगळी चौकट मोडली आहे, त्याला सकाळी सहा वाजता शिट्टी वाजते, सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं असतं, आपलं नाव पुकारलं जातं, याचा आधार वाटत असेल. ज्याने स्वतः युद्धकैद्यांच्या छावणीत दिवस काढले त्याला हे नेमकं कळलं असणार. सैन्यातून राजकारणात आलेल्या माणसाने आपला अनुभव कामी कसा आणावा, याचं हे चांगलं उदाहरण आहे. इथपर्यंत मी भोसल्यांच्या बाजूचा आहे.

पण योजना तिथे थांबली नाही. निर्वासित मुलांसाठीचं औषध सगळ्या देशातल्या मुलांसाठी सुचवलं जाऊ लागलं. योजना पुनर्वसन खात्यातून शिक्षण खात्याकडे गेली, अनेक राज्यांतल्या शाळांत पोहोचली. त्यामागची समजूत साधी होती, की देशाचा रोग बेशिस्त आहे आणि त्यावरचा उतारा कवायत आहे. इथे माझा आक्षेप सुरू होतो.

शिस्त दोन प्रकारची असते. एक बाहेरून येते, शिट्टीने येते. दुसरी आतून येते, समजुतीने येते. पहिली दुसरीची पायरी होऊ शकते, हे मला मान्य आहे. वारीला चालणाऱ्या दिंडीत काय कमी शिस्त असते? पण तिथे कोणी सार्जंट नसतो. टाळ चुकला तर शेजारचा वारकरी नुसतं बघतो, आणि पुरे होतं. शाळेत आपल्याला मुलाला या दुसऱ्या शिस्तीकडे न्यायचं असतं, म्हणजे त्याने ‘का’ असं विचारायला शिकावं लागतं. कवायतीत ‘का’ला जागा नसते, असू नये. चालत्या रांगेत कोणी ‘डावं वळण का?’ असं विचारायला लागला तर रांग मोडेल. पण ज्या वर्गात कोणी ‘का’ विचारत नाही तो वर्ग आधीच मोडलेला आहे.

आणि हे कोण करत होतं? ज्याच्या आयुष्यातला सर्वात तेजस्वी क्षण ‘मी या राजाचा हुकूम का मानू?’ या प्रश्नातून जन्मला, तो. भोसल्यांच्या हातात एक धडा असा होता, जो त्या सभागृहात फार थोड्या लोकांकडे होता. चांगला सैनिकसुद्धा एके दिवशी अशा ठिकाणी येतो जिथे नियमावली संपते आणि विवेक सुरू होतो, हा तो धडा. मुलांना तो शिकवला असता तर? फरेर पार्कवर काय झालं, कोणी कोणता मार्ग घेतला, थोरातांनी का नाही घेतला, दोघांचं म्हणणं काय होतं, यावर वर्गात चर्चा घडवली असती तर? त्यातून नागरिक तयार झाला असता. त्याऐवजी त्यांनी देशाला रांग दिली. पहिल्या प्रकरणाने जे सांगितलं ते दुसऱ्या प्रकरणाने खोडलं, असं मी म्हणतो ते यामुळे.

योजनेचं पुढे काय झालं तेही सांगतो. शाळांमध्ये शारीरिक शिक्षण, एनसीसी, ही शिस्त योजना, अशा एकावर एक योजनांची गर्दी झाली. १९५९ साली सरकारने पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेच कुंझरू, ज्यांच्या १९४६ च्या समितीतून एनसीसी जन्माला आली. म्हणजे कवायतीचे शत्रू नव्हेत! त्यांच्या समितीनेही हे सगळं एकत्र करून एकच कार्यक्रम असावा असं सुचवलं. १९६५ साली शिस्त योजना राष्ट्रीय तंदुरुस्ती दलात विलीन झाली. भोसले ते बघायला नव्हते, १९६३ सालीच ते गेले होते.

आता थोरातांकडे एकदा परत जाऊ, कारण त्यांच्यामुळे दुसरी बाजू दिसते. थोरात पूर्व विभागाचे सेनापती होते. चीन ईशान्येकडून येऊ शकतो आणि आपली तयारी अपुरी आहे, हे त्यांनी १९५९ मध्ये लेखी कळवलं. १९६० च्या मार्चमध्ये ‘लाल किला’ नावाच्या सरावातून तेच दाखवून दिलं. ते संरक्षणमंत्र्यांना पटलं नाही. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले, आणि १९६२ मध्ये जे व्हायचं ते झालं. थोरातांनी नियम पाळला. हरकत योग्य मार्गाने नोंदवली आणि बाहेर गप्प राहिले. सैनिक म्हणून ते निर्दोष आहेत. मग प्रश्न असा, की त्यांचं म्हणणं देशापुढे कोणी मांडायचं होतं? संसदेनेच ना? आणि संसदेत ते मांडायला लष्कराची भाषा समजणारी माणसं हवी होती. सैनिक-खासदाराचं खरं काम इथे आहे. मुलांना रांगेत उभं करणं हे त्याचं काम नाही. मंत्र्याला उभं करून विचारणं, की तुमच्या सेनापतीने काय लिहिलं होतं आणि तुम्ही काय केलंत, हे त्याचं काम आहे.

असं काम झाल्याचं उदाहरण आहे का? आहे. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, उत्तराखंडचे. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे ते अध्यक्ष होते. मार्च २०१८ मध्ये त्या समितीचा अहवाल आला. सेनेकडचं मोठ्या प्रमाणावरचं साहित्य जुनाट झालं आहे आणि मिळालेला पैसा अपुरा आहे, हे त्यात आकड्यांनिशी होतं. खंडुरी सत्ताधारी पक्षाचे होते, तरी हे लिहिलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची नव्याने रचना झाली आणि अध्यक्षपदी दुसरे आले. याचा अर्थ तुमचा तुम्ही लावा. मला एवढंच दिसतं की त्या अहवालामागे एक सैनिक होता आणि तो सभेत बोलला.

सभा म्हटलं की मला महाभारतातली सभा आठवते. द्यूत झालं, द्रौपदीला ओढत आणलं, तिने एक कायदेशीर प्रश्न विचारला. जो स्वतःला हरला त्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? सभेतला सर्वात मोठा योद्धा कोण होता? भीष्म. तो म्हणाला, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला ठरवता येत नाही. ज्याच्या शौर्याबद्दल तिन्ही लोकांत शंका नाही, तो सभेत गप्प झाला, कारण त्याची निष्ठा सिंहासनाशी बांधलेली होती. बोलला कोण? विकर्ण. कौरवांतलाच एक तरुण. रणातला पराक्रम सभेत आपोआप चालत येत नाही, याहून मोठा पुरावा आपल्या परंपरेत दुसरा नाही.

आता आपल्याकडे वळू. गणवेशाचा मतदारावर परिणाम होतो, पण आपण समजतो तितका तो सरळ नाही. स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी सेनाप्रमुख करिअप्पा १९७१ साली मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, शिवसेनेचा पाठिंबा होता, आणि पडले. १९९१ साली कोकणातच, राजापूर मतदारसंघात, लष्करातून आलेले सुधीर सावंत यांनी मधु दंडवत्यांना हरवलं. दंडवते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, संसदेतले नावाजलेले वक्ते. पुण्याचे सुरेश कलमाडी वायुदलातले वैमानिक, पण त्यांचं राजकारण गणवेशावर उभं नव्हतं, ते पक्षसंघटनेतून आलं. जनरल व्ही. के. सिंग २०१२ मध्ये सेनाप्रमुखपदावरून निवृत्त झाले आणि २०१४ मध्ये गाझियाबादहून साडेपाच लाखांहून अधिक मताधिक्याने आले. म्हणजे नियम असा काही नाही. लाट असेल तर गणवेश चमकतो, नसेल तर करिअप्पासुद्धा पडतात.

आपल्या वाशीमने तर गणवेश कशाला, ओळखही न पाहता माणूस पाठवला आहे. १९८० आणि १९८४ ला आपण काश्मीरच्या गुलाम नबी आझादांना लोकसभेत पाठवलं. तेव्हा आपण चिन्ह पाहिलं. आज काही ठिकाणी चिन्हाच्या जोडीला गणवेश पाहिला जातो. दोन्हींत एक गोष्ट राहून जाते, की हा माणूस तिथे जाऊन काय विचारणार आहे?

आणि हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. पहाटे या गावाबाहेरच्या कुठल्याही रस्त्यावर जा. शेतकऱ्यांची पोरं धावताना दिसतील. भरतीची तयारी. सोयाबीनला भाव नाही, घरची शेती दोन-चार एकर, म्हणून पोरगं छातीचं माप आणि धावण्याची वेळ मोजत असतं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची, आणि त्यातल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाला पुढे कायम करायचं. ही योजना चांगली की वाईट, यावर आज मी बोलणार नाही. पण त्या धावणाऱ्या पोराला सभागृहात तोंड नाही. भरती झाल्यावर तर कायद्यानेच नसेल. त्याच्या वतीने बोलू शकेल असा माणूस म्हणजे जो पूर्वी त्याच वाटेने गेला आणि आता अनुच्छेद १०५ च्या संरक्षणाखाली उभा आहे तो. तो गप्प बसला तर त्याच्या छातीवरची पदकं आपल्या काय कामाची?

गप्प बसायला आता एक नवीन सोयही झाली आहे. १९८५ साली पक्षांतरबंदी आली, आणि मतदानाच्या वेळी पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. पक्षांतराचा बाजार थांबावा हा हेतू चांगलाच होता. पण त्याने सभागृहातही एक प्रकारची कवायत आली. सैनिकाच्या शपथेत वरिष्ठांचे हुकूम पाळण्याचं वचन असतं. खासदाराच्या शपथेत असं वचन नाही, तिथे संविधानाशी निष्ठा आणि कर्तव्य आहे. तरी प्रत्यक्षात दोघांत फरक किती उरला? म्हणूनच मला वाटतं की आज संसदेला अशा सैनिकाची जास्त गरज आहे, ज्याला भोसल्यांचं पहिलं प्रकरण पाठ आहे.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं, की धर्मात भक्ती मोक्षाला नेईल, राजकारणात भक्ती अधःपाताकडे नेते. वीराबद्दल कृतज्ञता असावी. पण कृतज्ञता म्हणजे कोरा धनादेश नव्हे. भोसल्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि ती आहे म्हणूनच त्यांच्या उपमंत्रिपदाची चिकित्सा मी करतो. ज्याची चिकित्सा होत नाही त्याला आपण खऱ्या अर्थाने वाचलेलंच नसतं.

एक-दोन प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, आजच्या पोरांना बघितलं की शिस्त योजना पुन्हा आणावी असं वाटतं. तुम्हाला नाही वाटत?

उत्तर : वर्गात मलाही कधीकधी वाटायचं! पण एक सांगा, आपण बेशिस्त कशाला म्हणतो? पोरगा वेळेवर येत नाही, ही बेशिस्त. कबूल. पोरगा उलट प्रश्न विचारतो, हीसुद्धा आपण बेशिस्त म्हणतो. पहिली घालवताना दुसरी गोष्ट मारली जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. व्यायाम जरूर शिकवा, मैदान जरूर द्या. आपल्या कितीतरी शाळांना मैदानच नाही, तिथून सुरुवात करा.

प्रश्न : निवृत्त झाल्यावर लष्करी अधिकाऱ्याने लगेच निवडणूक लढवणं योग्य आहे का?

उत्तर : कायद्याने त्याला अडवलेलं नाही, प्रतीक्षेचा काळ घातलेला नाही. पण मला वाटतं मध्ये काही वर्षं जावीत. कारण असं, की उद्या निवडणूक लढवायची आहे हे माहीत असलेला सेनापती आज कोणता हुकूम कोणासाठी काढतो, याबद्दल शंका घ्यायला जागा राहू नये. प्लेटोने तर राज्य करणाऱ्याला पन्नाशीपर्यंत थांबवलं होतं. आधी गणित, मग वादविवाद, मग पंधरा वर्षं लोकांत राहून काम. आपण इतकं मागत नाही. पण गणवेश उतरवल्यावर थोडे दिवस साध्या कपड्यांत लोकांत वावरावं, रेशनच्या रांगेत, तहसीलच्या बाकावर, बाजार समितीत. तिथे हुकूम चालत नाही, समजूत घालावी लागते. ती शाळा केली की मग संसद.